प्लेट बसवली, वजन तसंच राहिलं

आमचा ब्रूनो सात वर्षांचा लॅब्रडॉर. एके सकाळी तळजाईच्या टेकडीवरून उतरताना त्याने मागचा उजवा पाय वर धरला, तो घरी येईपर्यंत टेकवलाच नाही. गुडघ्यातला लिगामेंट तुटला होता. वजन ४३ किलो. "ताई, याच्या हाडापेराला ३३ पुष्कळ झालं. आजपासूनच उतरवायला लागा," सर्जन म्हणाल्या. मी मान डोलावली आणि घरी येऊन खर्चाचा हिशोब मांडत बसले. आधी पाय बरा होऊ दे, वजनाचं नंतर बघू. माझी चूक झाली ती इथे.

कुत्रा नुसता उभा असला तरी त्याचा गुडघा वाकलेला असतो. नडगीच्या हाडाचा माथा मागे उतरता. पाय टेकला की मांडीचं हाड त्या उतारावरून घसरू पाहतं आणि हा लिगामेंट त्याला धरून ठेवतो. अमेरिकेतल्या बार्कले स्लोकम यांनी १९९३ मध्ये मांडलेल्या टीपीएलओ शस्त्रक्रियेत हा माथा गोलाकार कापतात, फिरवून जवळजवळ सपाट करतात आणि प्लेट-स्क्रूने पक्का करतात. हाड जुळायला आठ ते बारा आठवडे लागतात. तोवर भार पेलायचा तो प्लेटने. ब्रूनोचे जादाचे दहा किलोही तिच्याच वाट्याला आले.

शस्त्रक्रियेनंतर तिसऱ्या आठवड्यात बेल वाजली आणि तो गुळगुळीत टाइल्सवरून दाराकडे धावला, घसरला. चार दिवसांनी टाके ओलसर दिसले, मग पू. एक्स-रेमध्ये एक स्क्रू सैल झालेला. धातूवर जंतूंचा चिकट थर बसला की औषध त्याच्या आत नीट पोचत नाही, हे मला तेव्हा कळलं. कल्चर करून अँटिबायोटिक बदललं, हाड जुळेपर्यंत संसर्ग कसाबसा दाबून ठेवला आणि पाचव्या महिन्यात पुन्हा भूल देऊन प्लेट काढावी लागली. सगळा दोष वजनाचा, असं मी म्हणणार नाही. ते घसरणंही होतंच. पण जड कुत्र्यांत संसर्गाचा आणि इतर गुंतागुंतीचा धोका जास्त असतो, हे अनेक अभ्यासांत दिसलेलं आहे.

म्हणून सांगते. शस्त्रक्रिया ठरली त्याच दिवशी घरातल्या सगळ्यांना समोर बसवा. आमच्याकडे आई पोळीचा शेवटचा तूप लावलेला तुकडा द्यायच्या, मुलगा चीज, खाली वॉचमनकाका बिस्किटं. भांड्यात मोजून घातलेलं खाणं त्यात कुठल्या कुठे वाहून जायचं. बरं, तो हावरट आहे म्हणून रागवण्यातही अर्थ नाही: २०१६ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांना सुमारे चतुर्थांश लॅब्रडॉरमध्ये भूक वाढवणारा जनुकीय बदल सापडला. त्याला आवरता येत नाही, आपल्यालाच आवरायला हवं.

खाणं एकदम निम्मं करू नका. आठवड्याला एक ते दोन टक्के वजन उतरलं तर ठीक. थायरॉइड आधी तपासून घ्या. बरगड्यांवरून हात फिरवा. आपल्या पालथ्या हाताची हाडं बोटांना लागतात तितक्या त्या लागल्या पाहिजेत. घरभर सतरंज्या अंथरा, सोफा बंद, आणि बाहेर पाच मिनिटं, पट्ट्यातच. टाक्यांतून थेंबभर पाणी आलं किंवा टेकवलेला पाय पुन्हा उचलला, तर सोमवारची वाट पाहू नका.

एक लिगामेंट तुटलेल्या कित्येक कुत्र्यांचा दुसऱ्या पायाचाही पुढे तुटतो. ब्रूनो आज ३४ किलोचा आहे. त्याचा डावा गुडघा अजून शाबूत आहे.