बाळाचा स्नानसंस्कार : बुडवून की पाणी ओतून?

स्नानसंस्काराची तारीख ठरवायला येणारे आईबाप अधूनमधून आम्हाला विचारतात, "काही ठिकाणी बाळाला तीनदा पाण्यात बुडवतात. आपल्याकडे नुसते डोक्यावर ओततात. मग आपला संस्कार अपुरा का?" सोबत आलेल्या आजीला मात्र वेगळीच धास्ती असते : "एवढंसं लेकरू पाण्यात घालणार की काय?"

'बाप्तिस्मा' ह्या शब्दाच्या मुळाशी असलेल्या ग्रीक शब्दाचा अर्थच बुडवणे असा आहे. ख्रिस्ताबरोबर पुरले जाणे आणि त्याच्याबरोबर उठणे, ही संत पौलाची शिकवण (रोमकरांस पत्र, अध्याय ६) बुडवण्यात अधिक ठळक दिसते, हे मान्य. पण 'दिदाखे' ह्या ख्रिस्तसभेच्या अगदी आरंभीच्या पुस्तिकेतच सांगितले आहे, की वाहते पाणी नसेल तर दुसरे घ्या, थंड नसेल तर कोमट घ्या, आणि तेही नसेल तर डोक्यावर तीनदा ओता. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी स्पष्ट लिहिले, की अशक्त व्यक्तीला बुडवल्याने जिवाला धोका असेल तर ओतणे चालते. १९८३ च्या धर्मसभेच्या कायद्यातील कलम ८५४ दोन्ही पद्धती मान्य करते. तेव्हा अपुरेपणाचा प्रश्नच नाही.

आजीची धास्तीही निराधार नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये रोमानियातील सुचावा शहरात अपुऱ्या दिवसांचे, सहा आठवड्यांचे एक बाळ ऑर्थोडॉक्स पद्धतीने तीनदा बुडवल्यानंतर दगावले. शवविच्छेदनात फुफ्फुसांत द्रव आढळला. विधी बदलावा म्हणून हजारो लोकांनी सह्या केल्या. तेथील एका आर्चबिशपांनी बदलाला ठाम नकार दिला, तर त्याच ख्रिस्तसभेच्या प्रवक्त्यांनी कपाळावर थोडे पाणी ओतणे पुरे, असे सुचवले. आमच्या मते प्रवक्त्यांचे म्हणणे रास्त होते. संस्कार बाळासाठी आहे.

नाकातोंडात पाणी जाणे हा एक धोका, गारठा हा दुसरा. ओल्या अंगातून बाळाची ऊब झपाट्याने जाते. अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या अंगात चरबी थोडी, त्यामुळे त्याला जास्तच जपावे लागते. गडचिरोलीत डॉ. अभय व राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने घरोघरी नवजात बाळांची काळजी घेण्याचे जे काम केले (त्याचे निष्कर्ष १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले), त्यात ऊब राखण्याला मोठे स्थान होते. पायांवर घेऊन न्हाऊ घालणाऱ्या आपल्या बायकांना हे वेगळे सांगायला नको. कपाळाला आडवा हात लावूनच त्या पाणी ओततात.

देवरूखला पौषातली सकाळ चांगलीच बोचते. हवामानाची गरज असल्यास पाणी आधी कोमट करावे, असे विधिपुस्तकाच्या प्रस्तावनेतच म्हटले आहे. तसे आमच्याकडे हक्काने मागा. बुडवण्याची इच्छा असेल तर बाळाला पाण्यात मानेपर्यंत बसवून डोक्यावर पाणी ओतता येते. तोंड पाण्याखाली नेण्याची गरज नसते. बाळ अपुऱ्या दिवसांचे, कमी वजनाचे किंवा सर्दी-खोकल्याने आजारी असेल तर ते आधी सांगा, डॉक्टरांना विचारा. आईबापांची इच्छा नसताना कोणी बुडवण्याचा आग्रह धरू नये, अगदी धर्मगुरूंनीसुद्धा.

आणि बाळ इस्पितळात अत्यवस्थ असेल तर आमची वाट पाहू नका. अशा वेळी कोणीही, नर्ससुद्धा, योग्य हेतूने, कपाळावर थोडे पाणी ओतून, पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने स्नानसंस्कार देऊ शकते. बाळ बरे होऊन आले की उरलेले विधी ख्रिस्तमंदिरात करू. पाणी पुन्हा ओतायचे नाही. नोंदवहीत तारीख इस्पितळातल्या त्या दिवसाचीच लिहितात.