गोरखचिंचेचें वय

वृक्षाचें वय जाणावयाचें असेल तर त्याच्या खोडांतील वलयें मोजावीं, हा नियम आपण वनस्पतिशास्त्राच्या तासास शिकतों. दर वर्षास एक वलय, असा तो सरळ हिशेब आहे. परंतु आफ्रिकेच्या गवताळ रानांत एक वृक्ष असा आहे कीं, त्यानें हा हिशेब दोनशें वर्षांहून अधिक काळ विद्वानांस जुळूं दिला नाहीं. त्याचें नांव बाओबाब. आपल्याकडे त्यासच गोरखचिंच म्हणतात. तो मूळचा आफ्रिकेचा. समुद्रमार्गें ये-जा करणाऱ्या लोकांबरोबर तो भारतांत आला, आणि वसईच्या किल्ल्यांत तो आजही पाहावयास मिळतो.

त्याच्या मायभूमींत पाऊस थोडा व उन्हाळा लांब. म्हणून तो आपलें पाणी आपल्या अंगींच बाळगतो. त्याचें लांकूड इतकें मऊ व ओलें असतें कीं, ताज्या लांकडाच्या वजनांत दोनतृतीयांशाहून अधिक भाग पाण्याचाच भरतो. वर्षाचे बरेच महिने तो पर्णहीन उभा असतो. त्या वेळीं त्याच्या आंखूड फांद्या मुळांसारख्या दिसतात, व देवानें हें झाड उलटें रोवलें अशी कथा तिकडील लोक सांगतात. त्याची साल सोलून दोर वळतात, आणि नवल असें कीं, सोललेल्या जागीं ती पुन्हां भरून येते. पश्चिम आफ्रिकेंत त्याच्या पानांची भाजी होते. फळांतील आंबट पांढरा गर तर मुलांच्या विशेष आवडीचा.

१७४९ सालीं सेनेगाल देशास गेलेल्या मिशेल आदान्सों या फ्रेंच शास्त्रज्ञानें तेथील एका बेटावर असे वृक्ष पाहिले. जुन्या दर्यावर्दी लोकांनीं त्यांवर आपलीं नांवें कोरलेलीं होतीं. तीं अक्षरें व झाडाची वाढ ताडून पाहून त्यानें अति मोठ्या वृक्षांचें वय पांच हजार वर्षांहून अधिक ठरविलें. युक्ति चतुर होती, पण उत्तर चुकलें. पुढें लिनियसनें या वृक्षाच्या जातीस आदान्सोंचेंच नांव दिलें. डॉक्टर लिव्हिंग्स्टन यांनीं मात्र हे वृक्ष स्वतः पाहून इतक्या मोठ्या वयाविषयीं शंका घेतली.

मग वलयें कां मोजूं नयेत? कारण या वृक्षाचीं वलयें अंधुक असतात, एखाद्या वर्षीं उमटतच नाहींत, आणि जुन्या झाडांचा मधला भाग बहुधा पोकळ असतो. अखेर उत्तर किरणोत्सर्गी कार्बनानें दिलें. जिवंत झाड हवेंतून हा कार्बन घेतें. लांकूड एकदां तयार झालें कीं त्यांतील कार्बन ठराविक गतीनें घटत जातो, व उरलेल्या अंशावरून काळ काढतां येतो. १९६३ सालीं स्वार्ट यांनीं करीबा येथील एका तोडलेल्या वृक्षाचें वय या रीतीनें सुमारें हजार वर्षें काढलें. पुढें रुमानियाचे आद्रियान पात्रुत व त्यांचे सोबती यांनीं लांकडाचे सूक्ष्म तुकडे घेऊन शेंकडों वर्षांच्या वृक्षांची परीक्षा केली. त्यांना असें दिसलें कीं, अवाढव्य बाओबाब हा बहुधा एकच बुंधा नसतो. वर्तुळांत उगवलेले अनेक बुंधे कालांतरानें एकमेकांस चिकटलेले असतात. मधली पोकळी कुजून झालेली नसते, तर ती जागा कधीं भरलेलीच नसते. याची खूण फार सोपी आहे: पोकळीच्या आंतल्या भिंतीवरही साल असते!

परंतु वय समजूं लागलें न लागलें तोंच हे वृद्ध मरूं लागले. झिंबाब्वेमधील पांके नांवाचा वृक्ष सुमारें २४५० वर्षांचा होता. तो २०१०–११ च्या सुमारास गेला. बोट्स्वानांतील प्रवाशांचा जुना खुणेचा वृक्ष, चॅपमनचा बाओबाब, जानेवारी २०१६ मध्यें कोसळला. २०१८ सालीं पात्रुत यांनीं प्रसिद्ध केलें कीं, सर्वांत जुन्या तेरा वृक्षांपैकीं निम्म्याहून अधिक, व सर्वांत मोठ्या सहांपैकीं पांच, हे आदल्या बारा वर्षांत पूर्ण वा अंशतः नष्ट झाले. सांथीचा रोग आढळला नाहीं. वाढती उष्णता व अवर्षण यांवर त्यांचा संशय आहे. तो सिद्ध झालेला नाहीं, हें त्यांनीं प्रामाणिकपणें सांगितलें आहे.

म्हाताऱ्यांस वांचविणें मनुष्याच्या हातीं फारसें नाहीं. तहानलेले हत्ती खोड फोडून ओला गाभा खातात, म्हणून दक्षिण आफ्रिकेंत कांहीं खोडांस तारेची जाळी गुंडाळतात. पण हत्तीला केवळ शत्रु म्हणणें अन्यायाचें होईल. तोच फळें खाऊन बीं दूरवर पसरवितो. खरी चिंता रोपांची आहे. रोपट्याचें पान साधें, अखंड असतें. मोठ्या झाडाचें पान हाताच्या बोटांसारखें पांच-सात दलांचें. त्यामुळें रोपटें ओळखूंच येत नाहीं, आणि बाओबाब मोठा होऊनच आकाशांतून पडतो, असें कांहीं ठिकाणीं म्हणतात. न ओळखलेलें रोप शेळ्या खाऊन टाकतात.

दक्षिण आफ्रिकेच्या लिम्पोपो प्रांतांत व्हेंडा भागांतील कांहीं खेड्यांतील स्त्रिया आतां हीं रोपें आपल्या अंगणांत वाढवितात, जरा जोम धरल्यावर रानांत लावून भोंवतीं कुंपण घालतात, व रोप जसजसें उंच होईल तसतसा त्यांस मोबदला मिळतो. त्या झाडांस फळें धरावयास मात्र अनेक दशकें लागतील.