ओम्नियमची बेरीज-वजाबाकी

सायकलच्या ट्रॅकवर मी कधी फार मोठं काही जिंकलो नाही. बालेवाडीचा व्हेलोड्रोम १९९४च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांच्या निमित्ताने उभा राहिला, त्यानंतर तिथे थोडेफार पाय मारले. पाय थकले तसा ट्रॅकच्या आत खुर्ची टाकून बसायला लागलो. लॅप मोजायचे, स्प्रिंटचे गुण लिहायचे, बेल वाजवायची. त्या खुर्चीमुळे ओम्नियम या प्रकाराची गोडी लागली. अनेक शर्यती, एक विजेता. पुरुषांच्या ओम्नियमचं जागतिक अजिंक्यपद २००७मध्ये सुरू झालं आणि २०१२पासून ओम्नियम ऑलिंपिकमध्येही आहे. एवढ्या काळात या खेळाने आपले नियम इतक्यांदा बदलले, की नुसता प्रेक्षक म्हणून बसलं तर काही हाती लागत नाही. मला जे उमगलं ते इथे लिहितो.

१. कोण पहिला आला, हे बघू नका

लंडन २०१२. दोन दिवस, सहा शर्यती. उभ्याने सुरुवात न करता वेगात येऊन मारलेली एक फ्लाइंग लॅप, गुणशर्यत, एलिमिनेशन, चार किलोमीटरची परस्यूट (तीही घड्याळाविरुद्ध), स्क्रॅच (सगळे एकत्र सुटतात, रेषा आधी ओलांडेल तो पहिला) आणि शेवटी एक किलोमीटर घड्याळाविरुद्ध. हिशेब अगदी सोपा होता: जितका क्रमांक तितके गुण, आणि ज्याची बेरीज सर्वांत कमी तो विजेता.

ब्रिटनच्या एड क्लॅन्सीने पहिली शर्यत जिंकली, शेवटचीही जिंकली. घरचं मैदान, कानठळ्या बसवणारा आरडाओरडा. पण गुणशर्यतीत तो अकरावा आणि स्क्रॅचमध्ये दहावा होता. बेरीज ३०, पदक कांस्य. सोनं डेन्मार्कच्या लासे नॉर्मन हान्सेनला मिळालं, २७ बेरजेवर. फ्रान्सचा ब्रायन कोकार २९ वर, रौप्य. सहा शर्यतींनंतर पहिल्या तिघांत फक्त तीन गुणांचं अंतर.

दहावीच्या निकालाचं असंच असतं. गणितात पैकीच्या पैकी मिळवलेल्या मुलाचं पेढे वाटून होईपर्यंत भाषेच्या गुणांनी त्याला चौथ्या क्रमांकावर नेऊन ठेवलेलं असतं. मात्र हान्सेनही एलिमिनेशनमध्ये बारावा होता, म्हणजे एका विषयात जेमतेम पासच. मग तो का जिंकला? कारण त्याचा वाईट दिवस एकाच शर्यतीपुरता होता आणि क्लॅन्सीचा दोन. ओम्नियममध्ये मी सगळ्यात आधी हे शोधतो: कोणाची पडती बाजू एका शर्यतीत संपते आणि कोणाची दोन-दोन शर्यतींत नडते.

२. नियमावली वाचल्याशिवाय कोणाला अष्टपैलू म्हणू नका

हा माझा आवडता मुद्दा, म्हणून जरा लांबण लावतो.

आपण म्हणतो की ओम्नियम सर्वांत परिपूर्ण ट्रॅक सायकलपटू निवडतो. पण परिपूर्ण म्हणजे काय, हे प्रत्येक वेळी नियमावलीने ठरवलेलं आहे, आणि नियमावली बदलली की माणूसही बदललेला आहे.

२००७मध्ये पाल्मा दे मायोर्का इथे पहिलं अजिंक्यपद झालं तेव्हा पाच शर्यती होत्या, त्याही आखूड. दोनशे मीटर फ्लाइंग, पाच किलोमीटर स्क्रॅच, तीन किलोमीटर परस्यूट, पंधरा किलोमीटर गुणशर्यत, एक किलोमीटर. पाचांपैकी तीन घड्याळाविरुद्धच्या. अशा आखणीत दमसास थोडा कमी पण मांड्यांत जोर असलेला माणूस तगतो. चेक प्रजासत्ताकाचा अलोइस कान्कोव्स्की २००७ आणि २००८ असा लागोपाठ दोनदा जिंकला. २००९मध्ये ऑस्ट्रेलियाचा ली हॉवर्ड, २०१०मध्ये एड क्लॅन्सी. हा क्लॅन्सी म्हणजे सांघिक परस्यूटमध्ये तीन ऑलिंपिक सुवर्णपदकं मिळवणारा माणूस, पक्का घड्याळवाला.

मग ऑलिंपिक जवळ आलं. अंतरं वाढली, एलिमिनेशन आत आलं, सहा शर्यती झाल्या. २०१४मध्ये आणखी एक उलथापालथ. क्रमांकांची बेरीज गेली. पहिल्याला ४०, दुसऱ्याला ३८, तिसऱ्याला ३६ अशी उतरंड आली. गुणशर्यत शेवटी नेली आणि तिच्यात मिळवलेले गुण थेट एकूण बेरजेत घालायला सुरुवात झाली. या एका बदलाने खेळाची तऱ्हाच बदलली. आधी शेवटच्या शर्यतीत फार तर दोन-चार क्रमांक इकडेतिकडे व्हायचे. आता शेवटच्या अर्ध्या तासात डोंगराएवढी आघाडी वितळू शकते. कोलंबियाचा फर्नांडो गाविरिया या काळात, २०१५ आणि २०१६मध्ये, जगज्जेता झाला.

रिओ ऑलिंपिक संपलं आणि घड्याळाच्या तिन्ही शर्यती एका फटक्यात बाहेर गेल्या. आता एकाच दिवसात चार शर्यती: स्क्रॅच, टेंपो, एलिमिनेशन, गुणशर्यत. चारही घोळक्यातल्या. टेंपो ही नवी; सुरुवातीचे काही लॅप सोडले तर प्रत्येक लॅपला पहिला येणाऱ्याला एक गुण, आणि घोळक्यावर अख्खा लॅप मिळवला तर वीस. स्वाराला पूर्वी दोन सायकली लागायच्या, एक घड्याळासाठी आणि एक घोळक्यासाठी. आता एकीवर भागतं.

यात घड्याळवाले साफ बुडाले, असं मात्र नाही. ब्रिटनचा ईथन हेटर २०२१ आणि २०२२मध्ये जिंकला, आणि तो परस्यूटच्या संघातलाही तगडा गडी. पण त्याला आपला जोर घोळका फोडून लॅप मिळवण्यासाठी वापरावा लागला. एकट्याने, मोकळ्या लाकडावर, काळी रेघ पकडून चार किलोमीटर घासत नेण्याची ती देखणी कला ओम्नियममधून गेली. टीव्हीला चार सारख्या शर्यती सोप्या पडत असतील. मला त्या थोड्या एकसुरी वाटतात, हे लिहायला हरकत नाही.

३. एलिमिनेशनमध्ये मागे बघा

इथे सगळे पुढच्या माणसाकडे पाहतात आणि गंमत चुकवतात. अडीचशे मीटरच्या ट्रॅकवर दर दोन लॅपला शेवटचा बाहेर जातो. शेवटचा कोण, हे मागच्या चाकाच्या मागच्या कडेवरून ठरतं. त्यामुळे पुढचं चाक पुढे काढून उपयोग नाही. खाली, आतल्या बाजूला अडकलेला ताकदवान स्वार एका क्षणात घरी जातो, कारण त्याला वर यायला वाट मिळत नाही. इटलीचा एलिया विव्हियानी या प्रकारात वस्ताद. पुढे एलिमिनेशनला स्वतंत्र जागतिक अजिंक्यपद मिळालं, तेव्हा २०२१ आणि २०२२ ही पहिली दोन्ही त्यानेच नेली.

४. ओम्नियम आलं तेव्हा काय गेलं, हेही लक्षात असू द्या

बीजिंग २००८मध्ये ट्रॅकवर पुरुषांसाठी सात प्रकार होते आणि महिलांसाठी तीन. हे उघड उघड अन्यायाचं होतं. लंडनसाठी दोघांना पाच-पाच करायचे ठरले आणि एकूण संख्या वाढवायची नव्हती. मग पुरुषांची वैयक्तिक परस्यूट गेली, गुणशर्यत गेली, जोडीने खेळायची मॅडिसन गेली, आणि त्या रिकाम्या जागेत ओम्नियम बसलं. २००४ आणि २००८मध्ये परस्यूट जिंकणारा ब्रिटनचा ब्रॅडली विगिन्स, सिडनी आणि बीजिंगमध्ये गुणशर्यत जिंकणारा स्पेनचा जोआन ल्यानेरास, यांचे प्रकारच यादीतून पुसले गेले. तेव्हा समजूत अशी घातली गेली, की परस्यूट आणि गुणशर्यत दोन्ही ओम्नियमच्या पोटात आहेतच की. ते खरंही होतं, पण रिओपर्यंतच. नंतर परस्यूट पोटातूनही गेली. महिलांना बरोबरीचे प्रकार मिळाले, याबद्दल माझी कधीच तक्रार नव्हती. तक्रार एवढीच, की त्यासाठी एकूण आकडा दहाच्या पुढे नेता आला असता. टोकियोत मॅडिसन परत आली, या वेळी महिलांसाठीही, तेव्हा तो आकडा पुढे गेलाच.

५. पडलेल्या माणसाला मोडीत काढू नका

ट्रॅकच्या सायकलीला ब्रेक नसतात, गिअर एकच, आणि पायडल मारणं थांबवता येत नाही. चौघे एकमेकांना चिकटून बेचाळीस अंशांच्या चढावर असताना एकाचं चाक घासलं, की सगळे खाली. पण घोळक्याच्या शर्यतीत पडणाऱ्याला सावरायला नियम थोडी सवड देतो: साधारण तेराशे मीटर, म्हणजे अडीचशेच्या ट्रॅकवर पाच लॅप. तेवढ्यात उठून, दुसरी सायकल घेऊन, घोळक्यात परत शिरलं की लॅप तुटत नाही.

आता ऑलिंपिक विजेत्यांची यादी काढा. हान्सेन लंडनमध्ये स्क्रॅचला पडला, उठला, सहावा आला आणि सोनं घेऊन गेला. रिओत विव्हियानी शेवटच्या गुणशर्यतीत पडला. ब्रिटनचा मार्क कॅव्हेंडिश एकदम खाली सरकला, कोरियाचा पार्क सांग-हून आडवा झाला आणि त्यात विव्हियानीही गेला. पार्कला स्ट्रेचरवरून न्यावं लागलं. विव्हियानी पुन्हा चढला आणि २०७ गुणांवर जिंकला. कॅव्हेंडिश १९४, हान्सेन १९२. पॅरिसमध्ये फ्रान्सचा बेंजामिन थॉमस गुणशर्यतीत आघाडीवर असताना कोसळला, सोनं त्याचंच. चार ऑलिंपिक विजेत्यांपैकी तिघे पडून जिंकलेले. आमच्याकडची पोरं पडली की आधी कोपर बघतात. मी आतून ओरडतो, "लॅप बोर्ड बघ, लॅप बोर्ड!" कोपर नंतर बघता येतं.

६. रस्त्यावरून आलेल्यांना पाहुणे समजू नका

मुंबई-पुणे शर्यत बघत वाढलेल्या आपल्याला सायकलिंग म्हटलं की घाट दिसतो आणि 'घाटाचा राजा' आठवतो. ट्रॅक ही वेगळीच जमात, असं वाटतं. युरोपात तसं नव्हतं. हिवाळ्यात रस्ते गारठले की मोठे स्वार बंदिस्त ट्रॅकवर यायचे, आणि दोन-चार प्रकारांच्या ओम्नियम लढतींना तिकिटं काढून गर्दी व्हायची. खुद्द बेल्जियमचा एडी मर्क्स १९७५मध्ये युरोपचा ओम्नियम विजेता होता. म्हणजे जागतिक अजिंक्यपद २००७चं असलं, तरी खेळ त्याहून कितीतरी जुना.

ती ये-जा अजून चालू आहे. गाविरियाने ओम्नियमची दोन विजेतेपदं घेतली आणि २०१७मध्ये जिरो दि'इतालियाचे चार टप्पे जिंकले. कॅव्हेंडिशने टूर द फ्रान्सचे ३५ टप्पे जिंकले, एवढे कोणीच जिंकलेले नाहीत. पण त्याचं ऑलिंपिक पदक एकच, रिओच्या ओम्नियममधलं रौप्य.

७. शेवटच्या शर्यतीला पेन्सिल घ्या

पंचवीस किलोमीटर, शंभर लॅप. दर दहा लॅपला स्प्रिंट: पाच, तीन, दोन, एक. शेवटच्या स्प्रिंटला दुप्पट. लॅप मिळवला तर वीस, गमावला तर उणे वीस. पडद्यावरचा फलक कधीकधी मागे पडतो, त्यामुळे स्वतःचा कागद हवा.

वीस हा आकडा मनात धरून अंतरं वाचा. टोकियोत ब्रिटनच्या मॅथ्यू वॉल्सने पहिलीच स्क्रॅच जिंकली आणि अखेरीस १५३ गुणांवर थांबला, दुसरा १२९वर. म्हणजे एका लॅपपेक्षा जास्त अंतर, पाठलाग करणाऱ्याने एक लॅप मारूनही न भरणारं. पॅरिसमध्ये थॉमस १६४ आणि पोर्तुगालचा युरी लेताव १५३. हे अंतर लॅपच्या आतलं, म्हणून ती शेवटपर्यंत जिवंत शर्यत. (लेतावने दोन दिवसांनी रुई ओलिव्हेराबरोबर मॅडिसनचं सुवर्ण मिळवलं. ॲथलेटिक्स सोडून दुसऱ्या खेळातलं पोर्तुगालचं ते पहिलं ऑलिंपिक सुवर्ण.)

माझी पद्धत अशी. पहिल्या तीन शर्यतींची बेरीज पेनने. पुढचं सगळं पेन्सिलने. बेरजेतले वरचे आठ जण तेवढे लिहायचे, कारण चोवीस जणांचा हिशेब एका हाताने होत नाही. बाकीच्यांपैकी कोणी लॅप मारला, तर त्याचं नाव बाजूला घुसवायचं. टोकियोच्या वेळी न्यूझीलंडचा कॅम्पबेल स्टुअर्ट शेवटच्या शर्यतीत बराच मागून आला, लॅप मारले आणि विव्हियानीला पाच गुणांनी मागे टाकून रौप्य नेलं. माझ्या कागदावर त्याचं नाव समासात, आडवं लिहिलेलं आहे.