बालकांचे दंत क्ष-किरण चित्रण : आवश्यक तेवढेच

“एवढ्याशा मुलाचा एक्स-रे काढलाच पाहिजे का?” हा प्रश्न आमच्या दंतविभागात पालक वारंवार विचारतात. काही पालक भीतीपोटी नकार देतात आणि दोन दाढांच्या फटीत दडलेली कीड मुळापर्यंत पोहोचते. याउलट काहींचा आग्रह असतो, “आलोच आहोत तर संपूर्ण जबड्याचा काढून टाका.” या दोन्ही टोकांच्या मधला मार्ग विशद करण्याचा हा प्रयत्न.

१८९५ साली राँटगेन यांनी क्ष-किरणांचा शोध लावला. १८९६ च्या जानेवारीत जर्मन दंतवैद्य ओटो वॉल्कहॉफ यांनी स्वतःच्या दातांचे चित्र घेतले, तेव्हा २५ मिनिटे किरण सोसावे लागले. आज हे काम सेकंदाच्या अंशात होते. डिजिटल पद्धतीने घेतलेल्या दाढांच्या एका छोट्या चित्राची मात्रा साधारणतः ५ मायक्रोसीव्हर्ट वा त्याहून कमी असते. निसर्गातून आपणांस दररोज सरासरी सहा-सात मायक्रोसीव्हर्ट किरणोत्सर्ग मिळतच असतो.

मग काळजी कशासाठी? बालकांच्या पेशींचे विभाजन वेगाने होते, त्यांच्यापुढे दीर्घ आयुष्य असते आणि गळ्यातील थायरॉईड ग्रंथी जबड्याच्या अगदी निकट असते. म्हणून अल्प मात्राही विनाकारण देऊ नये, हे तत्त्व आम्ही मानतो. त्यानुसार पुढील दक्षता घेतली जाते :

१. प्रथम प्रत्यक्ष तपासणी. दुधाच्या दाढांमध्ये फट असून त्यांच्या बाजू डोळ्यांनी दिसत असतील, तर बहुधा चित्राची गरज नसते.

२. गोल झोताऐवजी आयताकृती झोत. किरण चित्रपट्टीपुरतेच पडल्याने मात्रा निम्म्याहून कमी होऊ शकते.

३. प्रौढांसाठी ठरविलेला वेळ बालकांना न वापरता तो त्यांच्या देहमानानुसार कमी करणे.

४. त्रिमितीय स्कॅनची मात्रा साध्या चित्राच्या अनेक पट असल्याने, हाडात अडकलेल्या सुळ्यासारख्या निवडक प्रसंगीच त्याचा वापर.

शिशाचा अॅप्रन म्हणजेच संरक्षण, असा समज रूढ आहे. तथापि झोत योग्य रीतीने मर्यादित केल्यास दंतचित्रणात अॅप्रन व गळपट्टा यांची आवश्यकता नाही, अशी शिफारस अमेरिकन डेंटल असोसिएशनने २०२४ मध्ये केली. खरे संरक्षण झोत आवरण्यात व अनावश्यक चित्र टाळण्यात आहे.

यात पालकांचाही वाटा मोठा आहे. मूल हलले की चित्र पुन्हा घ्यावे लागते व मात्रा दुप्पट होते. म्हणून घरीच त्याला स्थिर बसण्याचा सराव द्यावा. जुनी चित्रे जपून ठेवावीत व प्रत्येक भेटीत सोबत आणावीत. पाल्याला धरण्याची वेळ आल्यास गर्भवती मातेने ते काम करू नये.

देणगीदारांस नम्रपणे सांगावेसे वाटते की, यांतील बहुतेक उपायांना महागडे यंत्र लागत नाही, लागते ते प्रशिक्षण, शिस्त आणि प्रत्येक चित्रापूर्वी “याने उपचार बदलणार आहे काय?” हा प्रश्न स्वतःस विचारण्याची सवय. उत्तर ‘होय’ असेल, तर पालकांनी निःशंक मनाने संमती द्यावी.