कॉमा द्यायचा, पण कुठे?

तुझं टिपण वाचलं गं. गाइड व्हायचं ठरवलंस आणि परदेशी पाहुण्यांना द्यायला अजिंठ्यावर इंग्रजीत दोन पानं लिहूनही काढलीस, फार आवडलं मला. माहिती चोख आहे. पण कॉमे! लग्नात अक्षता उधळाव्यात तसे उधळलेस बाई.

शाळेत आपल्याला काय सांगतात? दम घ्यायचा तिथे स्वल्पविराम. मराठीत ते चालून जातं. आपल्याकडे ही चिन्हं रुळलीच मुळी एकोणिसाव्या शतकात, मेजर कँडींच्या खटपटीने. त्याआधीची मोडी कागदपत्रं सलग लिहिलेली. इंग्रजी वाचणारा मात्र कॉमा बघून वाक्याचा अर्थ लावतो.

तू लिहिलंस, ‘द रिक्लायनिंग बुद्ध इन केव्ह ट्वेंटी-सिक्स, इज व्हेरी फेमस.’ कर्ता लांबला म्हणून तुला दम लागला, कळतंय. तरी तो कॉमा काढ. कर्ता आणि क्रियापद यांच्यामध्ये एकटा कॉमा कधी घुसवायचा नाही.

मग जॉन स्मिथ. ‘जॉन स्मिथ, अ ब्रिटिश ऑफिसर सॉ केव्ह टेन इन 1819.’ मध्येच ओळख करून दिलीस ना, मग ती संपली की दुसरा कॉमा हवा, ‘ऑफिसर’नंतर. हे कॉमे जोडीने येतात. ‘28 एप्रिल 1819’ असं लिहिलंस तर मात्र महिना-सालाच्या मध्ये काही नको. (त्या बाबाने दहाव्या लेण्यातल्या खांबावर स्वतःचं नाव खरवडून ठेवलंय, ते पाहुण्यांना जरूर दाखव. आणि तिथे हात लावू नका, हेही सांग.)

आता खरी गंमत. रॉबर्ट गिलने 1844 पासून कितीतरी वर्षं इथे काढून भित्तिचित्रांच्या नकला केल्या आणि 1866 मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला आग लागली. तुझं वाक्य असं: ‘द कॉपीज, विच वेअर इन द क्रिस्टल पॅलेस, वेअर डिस्ट्रॉइड.’ दोन कॉमे दिलेस, म्हणजे अर्थ झाला, गिलच्या सगळ्याच नकला तिथे होत्या आणि सगळ्या जळाल्या. पण थोड्याशा वाचल्यात गं, लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहेत! कॉमे काढ आणि ‘विच’च्या जागी ‘दॅट’ घाल: ‘द कॉपीज दॅट वेअर इन द क्रिस्टल पॅलेस वेअर डिस्ट्रॉइड.’ म्हणजे ज्या तिथे होत्या तेवढ्याच गेल्या. एखादा जाणकार पाहुणा नेमका इथेच तुला अडवेल, म्हणून एवढं ताणतेय.

अजून एक खोड आपल्या सगळ्यांचीच. ‘द बस स्टॉप्स निअर द केव्ह्ज, यू हॅव टु क्लाइंब स्टेप्स.’ दोन पुरी वाक्यं नुसत्या कॉमाने चिकटवायची नाहीत. फुलस्टॉप दे, नाहीतर कॉमानंतर ‘अँड’ घाल. पाहुण्यांना छोटी वाक्यंच बरी पडतात, त्यात कमीपणा नाही. यादीत शेवटच्या ‘अँड’आधी कॉमा द्यायचा की नाही, यावर इंग्रजांचं आणि अमेरिकनांचंही एकमत नाही, तू एक पद्धत धर आणि दोन्ही पानांत तीच ठेव.

सोमवारी लेणी बंदच असतात, तेव्हा निवांत बस. प्रत्येक कॉमावर बोट ठेव आणि स्वतःला विचार, हा काढला तर अर्थ बदलतो का? अडलीस तर रात्री फोन कर, मी नऊनंतर मोकळीच असते.