पिल्लांच्या पायांचे विकार : घरचा उपचार आणि त्याची मर्यादा

मुंबईतील परळ-भोईवाडा हा परिसर गिरण्यांचा आणि रुग्णालयांचा म्हणून सर्वपरिचित आहे. याच परिसरात १८८६ साली मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयाची स्थापना झाली. बाई साकरबाई दिनशा पेटिट पशुरुग्णालयाच्या सान्निध्यात वाढलेल्या या संस्थेतून पशुवैद्यकांच्या अनेक पिढ्या राज्यभर गेल्या. तथापि परसातील खुराड्यात सकाळी एखादे पिल्लू पाय फाकून पडलेले आढळते, तेव्हा पशुवैद्यक जवळ असतोच असे नाही. अशा पिल्लाला ‘पांगळे’ म्हणून टाकून देण्याची रीत बहुतेक गावांत आहे. वास्तविक, यांतील कित्येक पिल्ले वेळीच केलेल्या साध्या उपायाने चालू लागतात. मात्र विकार कोणता, हे प्रथम ओळखले पाहिजे.

पाय फाकणे

अंड्यातून बाहेर आल्यावर पहिल्या एक-दोन दिवसांत दिसणारा हा नेहमीचा विकार होय. पिल्लाचे दोन्ही पाय बाजूंना घसरतात व ते पोटावर बसून राहते. गुळगुळीत पृष्ठभाग हे याचे प्रमुख कारण. खोक्यात वर्तमानपत्र अंथरले की पिल्लाच्या नखांना पकड मिळत नाही. उबवणी यंत्रातील उष्णता वा आर्द्रता बिघडल्यानेही पिल्ले अशक्त निपजतात. कोंबडीच्या अंड्याचा उबवणीकाळ २१ दिवसांचा असून हवा खेळती ठेवणाऱ्या यंत्रात सुमारे ३७.५ अंश सेल्सियस उष्णता राखावी लागते.

या वयात हाडे व सांधे लवचिक असतात. म्हणून उपचार पहिल्या दोन दिवसांत सुरू करणे हिताचे ठरते. सुमारे अर्धा सेंटिमीटर रुंदीची औषधी चिकटपट्टी घ्यावी. दोन्ही पाय शरीराखाली सरळ धरून घोट्याच्या सांध्याखाली नडग्यांना पट्टी सैलसर गुंडाळावी व दोहोंमध्ये दुवा ठेवावा. निरोगी पिल्लू उभे असताना त्याच्या पायांत जेवढे अंतर असते तेवढेच अंतर राखावे. दोरा किंवा रबर कधीही वापरू नये, कारण त्याने रक्तप्रवाह थांबतो. पाय सुजला किंवा गार लागला तर पट्टी तत्काळ सोडावी. पिल्लू झपाट्याने वाढते, म्हणून पट्टी रोज बदलावी. साधारणतः तीन ते पाच दिवसांत पाय आपल्या जागी स्थिर होतात.

या काळात पिल्लाला खरबरीत कापडावर वा गोणपाटावर, इतर पिल्लांच्या टोचण्यापासून वेगळे, पण त्यांच्या दृष्टीसमोर ठेवावे. पहिल्या आठवड्यात त्याला सुमारे ३५ अंशांची ऊब आवश्यक असते. दिवसातून अनेकदा त्याची चोच पाण्याला लावावी. पाण्याचे भांडे उथळ असावे व त्यात स्वच्छ खडे टाकावेत, अन्यथा पडलेले पिल्लू बुडण्याचा संभव असतो.

वाकडी बोटे

जन्मतःच बोटे वाकडी असल्यास पातळ पुठ्ठ्याचा पायाएवढा तुकडा कापून त्यावर बोटे सरळ पसरावीत व चिकटपट्टीने बसवावीत. हा ‘जोडा’ दोन-तीन दिवस ठेवावा. मात्र दहा-बारा दिवसांचे पिल्लू बोटे आत मुडपून घोट्यांवर चालू लागले, तर दोष खाद्यात असण्याचा संभव अधिक. खाद्यात ब-२ जीवनसत्त्व, म्हणजे रिबोफ्लेविन, कमी पडले की पायांच्या नसा दुबळ्या होतात. येथे पट्टी व्यर्थ आहे. पशुवैद्यकाच्या सल्ल्याने जीवनसत्त्वाची मात्रा द्यावी लागते. विलंब झाल्यास नसांची हानी भरून येत नाही.

आहाराचा धडा

कोंबडीच्या पायांनी वैद्यकशास्त्रालाही एक मोठा धडा दिला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात जावा बेटावरील बटाव्हिया येथे डच संशोधक क्रिस्तियान आइकमान यांना असे दिसून आले, की सडलेल्या पांढऱ्या तांदळाच्या भातावर वाढविलेल्या कोंबड्यांचे पाय लुळे पडतात आणि कोंड्यासह तांदूळ दिला की त्या बऱ्या होतात. या शोधातून पुढे ब-१ जीवनसत्त्वाचा मार्ग मोकळा झाला व १९२९ साली आइकमान यांना नोबेल पारितोषिकात सहभाग मिळाला. कोकणात आणि इतरत्रही घरोघरी पिल्लांना केवळ तांदळाची कणी टाकली जाते. पिल्लांना वयानुरूप संतुलित खाद्यच का द्यावे, हे या उदाहरणावरून ध्यानात यावे.

मँगनीज किंवा कोलीन यांच्या अभावी घोट्यावरील कंडरा जागेवरून सरकते व पाय बाजूला वळतो. सरकलेली कंडरा घरी पूर्ववत होणे कठीण असते. ड जीवनसत्त्व, कॅल्शियम व फॉस्फरस यांचा मेळ बिघडल्यास मुडदूस होतो, हाडे व चोच मऊ पडतात. यावर उपाय म्हणून अंडी देणाऱ्या कोंबड्यांचे खाद्य पिल्लांना घालू नये. त्यात कॅल्शियम सुमारे साडेतीन टक्के असते, तर पिल्लांना सुमारे एक टक्का पुरते. जादा कॅल्शियमने त्यांच्या मूत्रपिंडांना अपाय होतो.

घरचा उपचार कोठे थांबवावा

एका पिल्लाचा पाय फाकला तर तो त्या पिल्लापुरता प्रश्न असू शकतो. एकाच वेळी अनेक पिल्ले लंगडू लागली तर तो कळपाचा प्रश्न होय. पिल्ले थरथरत असतील, मान मुरगळत असतील, धापा टाकत असतील किंवा हिरवट हगवण असेल, तर मानमोडी अर्थात राणीखेत वा अन्य सांसर्गिक रोगाची शंका घ्यावी. आजारी पिल्ले त्वरित वेगळी करून नजीकच्या पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे. एक पाय पुढे व एक मागे ताणलेला दिसणे हे मरेक्स रोगाचे लक्षण असू शकते. हा रोग बहुधा काही आठवड्यांनंतर प्रकट होतो. त्याची लस पिल्लाच्या पहिल्याच दिवशी उबवणी केंद्रात टोचतात. म्हणून पिल्ले घेतानाच त्याविषयी विचारणा करावी. पाच-सहा दिवसांच्या प्रयत्नानंतरही जे पिल्लू उभे राहत नाही, त्याचे हाल लांबवू नयेत.

गावपातळीवरील कर्तव्य

परसातील कुक्कुटपालन बहुशः घरातील स्त्रियांच्या हाती असते व अंड्यांचा पैसा मुलांच्या वह्या-पुस्तकांना, औषधपाण्याला उपयोगी पडतो. गावात एकदिवसीय पिल्ले वाटली जातात, तेव्हा केवळ संख्या मोजून पावती घेणे पुरेसे नाही. खोक्यात खरबरीत अंथरूण आहे की नाही, ऊब देण्याची सोय आहे की नाही आणि पिल्लांचे खाद्य उपलब्ध आहे की नाही, ही पाहणी पंचायत सदस्यांनी वाटपापूर्वीच करावी. शिक्षकांना पट्टी बांधण्याचे प्रात्यक्षिक शाळेत सहज दाखविता येईल. ते पाहिलेला विद्यार्थी घरच्या खुराड्याकडे निराळ्या दृष्टीने पाहू लागेल.

लंगडे पिल्लू अंथरुणाचा, उबेचा, खाद्याचा वा रोगाचा दोष दाखवून देते. त्याला पट्टी बांधावीच, परंतु त्याच वेळी उरलेल्या पिल्लांच्या पायांखालील जमीन आणि पुढ्यातील दाणा तपासावा.