दारू सोडायच्या मीटिंगला खर्च किती येतो?

घरातला माणूस दारू सोडायला तयार झाला की घरच्यांचा पहिला प्रश्न असतो, "किती पैसे लागतील?" खासगी केंद्रांचे महिन्याचे आकडे ऐकून कित्येक जण तिथेच हात टेकतात. त्यांना आधी हे कळायला हवं की अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या, म्हणजे ‘एए’च्या मीटिंगला फी नाही. नावनोंदणी नाही, वर्गणी नाही. १९३५ साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन शहरात शेअर बाजारात काम करणारा एक जण आणि एक सर्जन, असे दारूने गांजलेले दोघे भेटले आणि त्यातून हे काम उभं राहिलं. भारतात ते १९५७ साली आलं. यायची अट एकच, दारू सोडायची इच्छा. दारू आधीच सुटलेली असावी, अशी अट नाही.

मीटिंगमध्ये एक पिशवी किंवा डबा फिरतो. जागेचं भाडं, चहा, पुस्तकं यांचा खर्च त्यातून निघतो, कारण एए बाहेरच्या कुणाची देणगी घेत नाही. दहा-वीस रुपये टाका, नाही टाकले तरी कुणी विचारत नाही. पुस्तकं विकायला ठेवलेली असतात. पहिल्या दिवशी घ्यायची काही गरज नाही.

खरा खर्च जाण्या-येण्याचा. समजा, बसला जाऊन-येऊन ४० रुपये लागतात आणि महिन्यात १२ मीटिंगा होतात, तर ४८० रुपये. दर वेळी पिशवीत १० टाकले तर आणखी १२०. एकूण ६००. रोज दीडशेची दारू पिणाऱ्याचे महिन्याला ४,५०० जातात. चकणा, उधारी, बुडालेली हजेरी वेगळीच. हा हिशेब वहीच्या पानावर घरच्यांबरोबर बसून मांडावा. मात्र वेळही द्यावा लागतो. तास-दीड तासाची मीटिंग आणि प्रवास धरून संध्याकाळ जाते, आणि सुरुवातीच्या महिन्यांत जमेल तितक्या संध्याकाळी जाणं चांगलं. पिण्याची वेळ तीच असते.

पण मीटिंगच्या आधी एक गोष्ट बघा. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम बंद केली तर हात थरथरणं, घाम, झोप उडणं इथपासून फिट येणं, भास होणं, भ्रमिष्टासारखं बडबडणं इथपर्यंत मजल जाते. यात जीवही जाऊ शकतो. अशा माणसाला घरी कोंडून ठेवू नका. आधी डॉक्टर, मग मीटिंग. महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या जिल्हा रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. पैशासाठी हे टाळू नये.

पत्ता शोधायचा कसा? एएच्या संकेतस्थळावर शहरवार यादी आणि फोन नंबर मिळतात. सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागातले समाजसेवक जवळचा ग्रुप सांगू शकतात. केंद्र सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६ आणि मानसिक आरोग्याची टेलि-मानस १४४१६, दोन्ही मोफत. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी सुरू केलेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राचे पाठपुरावा गट इतर शहरांतही भरतात. गडचिरोलीत ‘मुक्तिपथ’ या व्यसनमुक्ती उपक्रमाची तालुका क्लिनिकं आहेत. जवळ काहीच नसेल तर ऑनलाइन मीटिंगा आहेत. गावात ओळखीचं कुणी बघेल या भीतीने अडलेल्यांना, विशेषतः बायकांना, त्या सोयीच्या पडतात. निघण्यापूर्वी फोन मात्र करा. मीटिंगा बऱ्याचदा शाळेच्या वर्गात किंवा चर्चच्या खोलीत भरतात आणि सुट्टीत जागा बदलू शकते.

आत गेल्यावर काय होतं, याची धास्ती सगळ्यांनाच असते. मुलांचे बुटके बाक, भिंतीवर पाढ्यांचा तक्ता आणि त्याच्याशेजारी टांगलेलं, दारू सोडण्याच्या एएच्या बारा पायऱ्या लिहिलेलं कापड. समोर बसलेला विचारतो, "कुणी पहिल्यांदा आलंय का?" हात वर केला तर टाळ्या पडतात, नाही केला तरी चालतं. मग एकेक जण आपलं नाव सांगून, "मी अल्कोहोलिक आहे," असं म्हणून बोलतो. आडनाव, नोकरी, जात कुणी विचारत नाही. तुमच्यावर बोलायची सक्ती नाही. एक ग्रुप नाही रुचला तर दुसरा बघा. प्रत्येकाची तऱ्हा वेगळी असते आणि पहिल्या मीटिंगवरून सगळ्यांना मोडीत काढणं चुकीचं ठरेल.

खुल्या मीटिंगला घरचेही बसू शकतात, बंद मीटिंग फक्त पिणाऱ्यांची. बायको, आई-वडील, मुलं यांच्यासाठी अल-अ‍ॅनॉन हे वेगळे गट आहेत आणि तेही विनाशुल्क. पिणारा तयार नसला तरी घरच्यांनी तिथे जावं, असं माझं ठाम मत आहे. वर्षानुवर्षं खालमानेने जगलेल्या बाईला तिथे पहिल्यांदा मोकळं बोलता येतं.

एएच्या नावाने कुणी प्रवेश फी मागितली तर ती एए नव्हे, उठून या. भरती करायची वेळ आली तर केंद्राची नोंदणी, डॉक्टर रोज येतात का आणि घरच्यांना भेटू देतात का, हे विचारल्याशिवाय पैसे भरू नका. मारून, डांबून दारू सोडवणाऱ्या केंद्रात माणूस पाठवू नका, कितीही स्वस्त असलं तरी.

आणि हे वाचताना कुणाचा चेहरा डोळ्यांपुढे आला असेल, तर आज संध्याकाळची मीटिंग कुठे आहे तेवढं फोनवर विचारून घ्या. पहिल्या दिवशी त्याच्याबरोबर दारापर्यंत जा.